वृंदाच्या दहाव्याला माझे नवे कान

बायकोच्या दहाव्याला मी विशीतल्या पोराचे कान लावून गेलो होतो! वारण्याच्या आधी वृंदानेच हट्टाने मला उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात नेऊन हे ऐकायचं मशीन घ्यायला लावलं. छातीवरच्या खिशात डबी, कानात बटण, मध्ये वायर. दुकानदार म्हणाला, "काका, अब चींटी चलेगी तो भी सुनाई देगा!"

"आज एकही मंत्र सुटायचा नाही," मी मुलाला, शरदला ठणकावलं.

बदलापूरला नदीकाठी पिंड ठेवला. एक कावळा उतरला. मी पुढे होऊन मान खाली घालून हात जोडले. कावळा भुर्रकन उडाला!

शरद पांढराफटक. "बाबा, ऐकलंत? कुंऽई... आई रडतेय!"

मला तर काहीच ऐकू आलं नाही!

"इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "बोला काहीतरी."

"आई, बाबांना बदलापुरात एकटं ठेवणार नाही! अंबरनाथला आमच्याकडे नेतो!" शरद ओरडला. मी भरून येऊन पुन्हा वाकलो. कुंऽई! कावळा पसार.

"बाबांना रोज साखरेचा चहा देईन, आई!" सून कुंदा म्हणाली. मी वाकलो. कुंऽई!

मेहुणा महिपती रडकुंडीला आला. "ताई, तुझा मिक्सर परत देतो गं!" कुंऽई!

सगळ्यांना ती रडताना ऐकू येते आणि मला नाही? मी संतापून मशीन बंद केलं आणि काढून शरदच्या हातात कोंबलं. "वृंदा, तूच ऐकू येत नसशील तर हे कान काय कामाचे?" हात जोडून वाकलो. तोच कावळा आला आणि पिंडाला चोच लावली. आम्ही सगळे ढसाढसा रडलो.

घरी शरदने मशीन चालू करून बघितलं. बटण डबीजवळ गेलं मात्र, कुंऽई! मी वाकलो की हीच शिट्टी वाजत होती, आणि इतकी बारीक की माझ्या कानांना पत्ताच नाही!

महिपतीचा चेहरा उजळला. "म्हणजे ताई रडलीच नाही! मग मिक्सरचं..."

"वचन आईंना दिलंय, मामा, मशीनला नाही!" कुंदा कडाडली. "मिक्सर उद्या आणा! आणि बाबा, तुमची बॅग भरते. चहात साखर किती?"

मशीन टेबलावर पडलं होतं. तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला. देव तिचं भलं करो, कुंदा वृंदापेक्षाही मोठ्याने ओरडते!