पुढच्या दोरीवरची केळी

माझ्या बहिणीचं लग्न मी जमवलं! घरात कोणी काहीही सांगो.

आई गेल्यापासून इजिप्तमधल्या टँटा शहरातल्या आमच्या घरात बाबा, माझी मोठी बहीण रबाब आणि मी, तिघंच. त्या दुपारी रबाबला मागणी घालायला हिशामची आई, हाज्जा इन्साफ, येणार होत्या. आमच्याकडे मुलाची आई जिना चढण्याआधी मान वर करून गॅलरीतली कपड्यांची दोरी वाचते, घर कसं आहे ते त्यावरून ठरवते. आणि दोरीवर काय? बाबांचे आत घालायचे, घोट्यापर्यंतचे पांढरे लेंगे! पाय फाकून लटकलेली भुतंच!

"आपण अजून राजाच्या काळात राहतो असं वाटेल त्यांना," मी म्हणाले.

"मग चादरीमागे वाळत घाल ना. सगळे तसंच करतात," रबाब वैतागली.

"लपवायचं कशाला? जग बदललंय!"

मी बाजारातून तीन तोकड्या चड्ड्या आणल्या. लाल, निळी आणि एक केळ्यांच्या चित्रांची. कोणी घालणार थोडंच होतं? नुसत्या दाखवायच्या होत्या! म्हणून माप पाहिलंच नाही, रंग पाहिले. लेंगे काढून घेतले, चड्ड्या भिजवल्या आणि पुढच्या दोरीवर फडकवल्या.

हाज्जा आल्या. चहा प्यायल्या. नजर मात्र सारखी गॅलरीकडे. शेवटी म्हणाल्या, "शौकीभाऊ, तुम्हाला मुलगा नाही ना?"

"नाही हो. या दोघीच."

"मग या घरात हा सडपातळ तरुण कोण राहतो?"

रबाब भिंतीसारखी पांढरी पडली. बाबांनी गॅलरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग शांतपणे म्हणाले, "त्या माझ्या आहेत."

हाज्जांनी बाबांच्या कलिंगडाएवढ्या पोटाकडे पाहिलं. "केळ्यांचीसुद्धा?"

"के... केळ्यांचीसुद्धा."

रबाबच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राहवेना. "मी आणल्या! तुम्हाला दाखवायला! बाबा अजून लांबच घालतात. बाबा, दाखवा ना!"

बाबांनी निमूटपणे झग्याची कड चार बोटं वर केली. घोट्यावर पांढरा काठ!

हाज्जा इतक्या हसल्या की बशी खुळखुळली. "अहो, माझा हिशामही हेच घालतो! मित्रांना कळू नये म्हणून मी घरात वाळवते." डोळे पुसून म्हणाल्या, "शुक्रवारी त्याच्या काकांना घेऊन येते. फातिहा वाचून लग्न पक्कं करू या. पण एक अट आहे. ही धाकटी आमच्याकडे हवी तेवढी राहू दे, दोरीला मात्र हात लावायचा नाही."

मी तोंड उघडायच्या आत बाबा आणि रबाब एकदमच ओरडले, "कबूल!"