बरकतपुऱ्याचं पाणी

ठाक. ठाक. ठाक-ठाक.

भिंतीपलीकडून येणारा, लाकडी खोक्यांना खिळे ठोकण्याचा हा आवाज हणमंतरावांनी ऐकला त्याला आता खूप वर्षं झाली. पण त्या सकाळी तो त्यांच्या कानांना सनईसारखा गोड लागला होता.

हैदराबाद राज्याची वाटणी होणार होती. मराठी मुलूख एकीकडे, तेलुगू मुलूख दुसरीकडे. कचेरीत प्रत्येकाला विचारलं होतं, तिकडे जाणार की इथंच राहणार? हैदराबादच्या काचीगुडा भागातल्या मराठी घरांतून हातोडे वाजत होते. कोणी औरंगाबादेला निघालं होतं, कोणी नांदेडला. आणि आज हातोडा हिम्मतरावांच्या घरात वाजत होता.

हिम्मतराव म्हणजे हणमंतरावांचे साडू. बायकोच्या, भामाच्या, थोरल्या बहिणीचे, सुशीलाबाईंचे यजमान. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. त्यांना छपराची कौलं बसवता येत, साहेबाशी इंग्रजीत बोलता येई, भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करता येई. हणमंतरावांना ऐकून घेता येई. घरात काही मोडलं की भामा म्हणायची, "राहू द्या, मी भावजींना सांगते." या एका वाक्यानं हणमंतरावांचं रक्त इतकी वर्षं आटत आलं होतं. (वजन मात्र वाढत होतं.)

साडू चालले औरंगाबादेला! हणमंतरावांनी घाईघाईनं चहा संपवला, कचेरी गाठली आणि 'मी हैदराबादेतच राहणार' असं लिहून देऊन टाकलं. भामालाही विचारलं नाही.

संध्याकाळी हिम्मतराव पेढे घेऊन आले.

"घ्या हणमंतराव. बरकतपुऱ्याच्या घराचा बयाणा दिला. सामान बांधायला सुरुवात केली."

"आणि औरंगाबाद?"

"तिकडे कशाला? सगळा जन्म इथं गेला. का, तुम्ही निघालात की काय?"

"नाही," हणमंतराव म्हणाले. हातातला पेढा त्यांनी परत डब्यात ठेवला.

"मग उत्तम. आमच्या शेजारचं भगवंतरावांचं घर विकायचंय. मधे एकच भिंत, दोन घरांत मिळून एक विहीर. घेऊन टाका."

आत भांड्यांचा आवाज थांबला. भामानं ऐकलं होतं.

भामाची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. तिला न्हाऊ-माखू घातलं ते अक्कानं, म्हणजे सुशीलाबाईंनी. लग्नानंतरही दोघी बहिणी एका भिंतीच्या अंतरावर राहिल्या. आता अक्का बरकतपुऱ्याला जाणार म्हटल्यावर भामाचा जीव तिकडे ओढ घेणारच. हणमंतरावांना हे कळत नव्हतं असं नाही. पण उरलेला सगळा जन्म त्याच हातोड्याच्या शेजारी काढायचा, या विचारानं त्यांना भाकरी गोड लागेना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शहरातच, चिक्कडपल्लीला, एक घर शोधून काढलं.

"चिक्कडपल्लीला बाजार अगदी पायाशी," ते म्हणाले.

"तुम्ही कधी बाजार केलाय?"

"मोकळी हवा आहे."

"बरकतपुऱ्याला काय धूर आहे?"

"शेजार चांगला आहे."

"बरकतपुऱ्याला अक्का आहे."

हणमंतरावांकडे मुद्दे ढीगभर होते. भामाकडे हा एकच होता, आणि तोच पुरत होता.

शेवटी भामाच म्हणाली, "असं करा. दोन्हीकडच्या विहिरींचं पाणी आणा. ज्या पाण्यात तुरीची डाळ नीट शिजेल, ते घर घ्यायचं. आमच्या आप्पांनी मला द्यायच्या आधी तुमच्या गावचं पाणी बघितलं होतं."

"आणि माणूस?"

"माणूस बघायचा राहिला."

रविवारी हणमंतराव सायकलरिक्षात दोन कळश्या घेऊन निघाले. आधी चिक्कडपल्लीला गेले. तिथली कळशी भरायला त्यांना बराच वेळ लागला आणि निम्मं पाणी धोतरावर सांडलं. मग बरकतपुरा. रिक्षावाला मागं वळून वळून बघत होता.

"साब, लोगां खाली घडा लेके बावली कू जाते. आप भरा हुआ लेके जा रहे. वहाँ के लोगां कू पिलाने का है क्या?"

"चुपचाप चलाओ जी."

बरकतपुऱ्याला हिम्मतराव स्वतः भिंतींना चुना देत होते. त्यांनी हात धुतले, "तुम्हाला दम लागेल, द्या इकडे," म्हणत पोहरा सोडला आणि कळशी काठोकाठ भरून दिली. धोतरावर एक थेंब नाही. वर हणमंतरावांच्या ओल्या धोतराकडे बघून विचारलं, "वाटेत पाऊस लागला का?"

घरी आल्यावर भामा म्हणाली, "बघा, भावजींनी कळशी कशी नेमकी भरलीय."

झालं. हणमंतरावांचं उरलंसुरलं रक्तही आटलं.

दोन शेगड्यांवर दोन पातेली चढली. चिंच आधी पडली की डाळ शिजत नाही, अडून बसते, हे पंधरा वर्षांच्या संसारात हणमंतरावांच्या कानांवरून शंभर वेळा गेलं होतं. भामा अक्काला बोलवायला शेजारी गेली तशी त्यांनी फळीवरच्या बरणीत हात घातला आणि चिंचेचा चांगला लिंबाएवढा गोळा बरकतपुऱ्याच्या पातेल्यात सोडला. झाकण ठेवलं आणि ओसरीवर जाऊन वर्तमानपत्र वाचत बसले. (ते उलटं धरलं होतं, हे सुशीलाबाईंनी येता येता सांगितलं.)

जेवायला हिम्मतराव आणि सुशीलाबाई पंच म्हणून बसले. चिक्कडपल्लीची डाळ लोण्यासारखी झाली होती. बरकतपुऱ्याची डाळ भामा रवीनं घोटत राहिली, घोटत राहिली. मधेच तिचा हात थांबला. तिनं पळीनं तळातून काहीतरी उचललं, बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. नवरा छताकडे बघत होता. तिनं ते काहीतरी शेगडीमागं ठेवलं आणि वाढायला घेतलं.

हिम्मतरावांनी घास घेतला. तोंडातून फुटाणे खाल्ल्यासारखा आवाज आला.

"अरे बाप रे," ते म्हणाले. "आणि ही आंबट चव कसली?"

"पाण्याचीच," हणमंतराव गंभीरपणे म्हणाले. "जमिनीत काहीतरी असणार."

हिम्मतराव कधी नव्हे ते गप्प बसले. हणमंतरावांना इतकं सुख कचेरीत बढती मिळाली तेव्हाही झालं नव्हतं. त्यांनी भात कालवून मोठा घास घेतला.

"हणमंतराव, तुमचे उपकार झाले," हिम्मतराव म्हणाले. "भिंती बघितल्या, कौलं बघितली, पाणी बघायचं मला सुचलं नाही. विहीर एकच, म्हणजे आमचंही पाणी हेच. अशा पाण्यावर लेकरं वाढवायची? लिखापढी व्हायचीय अजून. उद्याच सौदा मोडतो."

हणमंतरावांचा घास तोंडातच राहिला. विहीर एकच आहे, हे ते साफ विसरले होते.

"मग जाणार कुठं? औरंगाबादेला?" त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं.

"औरंगाबादेला कशाला?" सुशीलाबाई म्हणाल्या. "चिक्कडपल्लीला त्याच अंगणात मालकाचं दुसरं घर विकायचंय म्हणे. भामाच सांगत होती. मधे एकच भिंत आहे."

"वा," हिम्मतराव म्हणाले. "आणि पाण्याची काळजी सोडा हणमंतराव. तुमचीही कळशी मीच भरून देत जाईन."

"पण बरकतपुऱ्याचं पाणी तसं वाईट नाही हो," हणमंतराव घाईनं म्हणाले. त्यांनी ती डाळ ओरपायला घेतली. "कडक डाळ दातांना चांगली. मला तर शिजलेलीच वाटतेय." कुडुम, कुडुम.

"तुमचं मन मोठं आहे," हिम्मतराव गहिवरून म्हणाले.

हणमंतरावांनी भामाकडे बघितलं. तिनं खरं काय ते सांगितलं असतं तर त्यांची अब्रू गेली असती, पण साडू तरी बरकतपुऱ्याला गेले असते. अब्रू द्यायला ते आता तयार होते. त्यांनी डोळ्यांनी विनवलं.

भामानं बरकतपुऱ्याची उरलेली सगळी डाळ त्यांच्या ताटात वाढली. पातेलं खरवडून वाढली. मग रिकामं पातेलं उचललं, अक्काच्या खांद्याला ओझरता हात लावला आणि आत निघून गेली.