सात नंबर प्रेस चालू आहे

कारखान्यात जे दिसतं तेच असतं. निदान पाहुणे असेपर्यंत तरी. म्हणूनच चाकणच्या त्या कंपनीत पाहणी ठरली की फरशीवरचे पिवळे पट्टे नव्याने मारतात आणि कुंड्यांना गेरू लावतात. यंदा पट्टे वाळले, पण पत्रे दाबणाऱ्या चाळीस प्रेसची स्थिती दाखवणाऱ्या ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर ‘प्रेस नं. ७ : बंद’ ही लाल ओळ काही हलेना.

मॅनेजर निरंजन साहेबांनी संगणक विभागातल्या निलोफरला बोलावलं. “पाहुणे जाईपर्यंत तेवढं हिरवं कर.”

निलोफरने पायथन या संगणकाच्या भाषेत अकरा ओळी लिहिल्या. त्या आपणहून ब्राउझरमध्ये पडद्यावरचं ते पान उघडत, त्यावर ‘बंद’ दिसलं की पुसत आणि तिथे ‘चालू’ लिहीत. (पानाची भाषा एक, हुकूम सोडणारी दुसरी. चाकणला याचं नवल नाही. साहेब हिंदीत सांगतात, सुपरवायझर मराठीत ऐकतो, कामगार ओडियात मान हलवतो आणि माल निघतो.)

पाहुणे खूश होऊन गेले. अकरा ओळी मात्र राहिल्या, कारण त्यांचं काम उत्तम होतं. पूर्वी एका दुरुस्तीला सरासरी दोन दिवस लागत; आता अर्धा सेकंद. बिघाड शून्य, तेलाचा वापर शून्य. (सात नंबर महिनाभर जागची हलली नाही, त्यामुळे तिच्यावर अपघातही शून्य.) एवढी प्रगती झाल्यावर फिटर कशाला पोसायचा, हा प्रश्न ओघानेच आला.

फिटर म्हणजे सरदारभाई. बावीस वर्षं यंत्रांच्या पोटात हात घातलेला माणूस. निलोफरला ही नोकरी लागली तीसुद्धा त्यांच्याच शब्दावर. नऊच्या मीटिंगला ते उभे राहिले.

“साहेब, सात नंबर बंद हाय. बेअरिंग गेलंय.”

“बोर्ड बघा, सरदारभाई. चालू आहे.”

“तुमी मशीन बघा की.”

“एवढा वेळ कुणाला आहे?” साहेब म्हणाले. “महिनाअखेर तुमचा हिशोब करून टाकू.”

निलोफर मीटिंगमधून जागेवर आली आणि तिने बारावी ओळ लिहिली: जिथे ‘चालू’ असेल तिथे ‘बंद’.

पडदा लालभडक झाला. साहेबांनी नियमाप्रमाणे कारखाना थांबवला. धडधडत चाललेल्या एकोणचाळीस प्रेस बटण दाबून बंद केल्या, कामगारांना चहाला पाठवलं आणि सरदारभाईंना बोलावणं गेलं.

“साहेब, या तर धडधाकट हायत,” सरदारभाई म्हणाले.

“बोर्ड बघा.”

सरदारभाईंनी बोर्ड बघितला. मग निलोफरकडे बघितलं. मग पाना खांद्यावर टाकून ते दोन दिवस धडधाकट यंत्रांभोवती फिरले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “झाल्या सगळ्या. चाळीसच्या चाळीस.” निलोफरने बारावी ओळ पुसली. पडदा हिरवा झाला. एकोणचाळीस प्रेस धडधडल्या, सात नंबर तशीच उभी राहिली, तरी चाळिसाव्या दुरुस्तीलाही टाळ्या पडल्या आणि सरदारभाईंची नोकरी पक्की झाली. त्या संध्याकाळी, बावीस वर्षांत पहिल्यांदा, ते हात न धुताच घरी गेले. धुण्यासारखं काही लागलंच नव्हतं. निलोफरला ते हात बघवले नाहीत.

वाचकांनी ही कथा शेवटपर्यंत वाचली, ती त्यांना आवडली आणि आपण असं कधीच वागलो नसतो असं त्यांना वाटलं, अशी नोंद पानावर झालेली आहे. आपण काही करायची गरज नाही.