रामाजी फोटो वाचतात

लाखनीतले माझे शेजारी रामाजी पेपरातला फोटो पाहताना आधी त्याखालच्या ओळीवर अंगठा ठेवतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "फोटो बोलते, ओळ चुगली करते." मग चष्मा कपाळावर सारून, कागद नाकाला लावून वाचायला बसतात. ते उठेपर्यंत पेपर दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

सारी उमर मागावर लुगडी विणण्यात गेली, म्हणून नजर बारीक. कोरोनाच्या टाळेबंदीत माग थांबला तो कायमचा. तेव्हापासून मंदीचे, बेकारीचे, उपासमारीचे फोटो हाच त्यांचा विषय. बंद कारखान्यासमोर बसलेल्या एका मजुराला पेपरानं 'हताश' म्हटलं होतं. रामाजींनी दाखवलं, की त्याच्या सदऱ्याला वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं नुकतंच बटण लावलेलं आहे. ज्याच्या घरी बटण लावणारं माणूस आहे तो हताश कसा, असा त्यांचा सवाल. चुकायचेही. दिवाळं निघालेल्या कुठल्याशा देशातली अन्नछत्राची रांग त्यांनी लग्नाची पंगत ठरवली आणि दोन दिवस माघार घेतली नाही.

मागच्या हिवाळ्यात भंडाऱ्याच्या एका कॉलेजात टाळेबंदीच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. मी त्यांना सोबत नेलं. एका फोटोपाशी ते थबकले. हायवेवर मजुरांनी खच्चून भरलेला ट्रक, आणि खाली उभी राहून त्याच्याकडे हात उंचावलेली एक म्हातारी. चेहरा अर्धा पदराआड. खाली लिहिलं होतं, 'भाकरीसाठी पसरलेला हात'. एक तरुण प्राध्यापिका मुलांना सांगत होत्या, की या एका हातात साऱ्या देशाची गरिबी दिसते.

रामाजींनी सवयीनं खालच्या ओळीवर अंगठा ठेवला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, हा हात मांगत नाही, देऊन राहिला. मूठ पाहा. मांगणारा मूठ मिटत नाही."

प्राध्यापिका वाकल्या. मुठीतून खरंच कागदाच्या पुडीचं टोक डोकावत होतं. पण पुडीत काय आहे हे कसं कळणार, असं त्यांनी विचारलं.

"मुर्रा आहे, अन् गुळाचा खडा. माही बायको आहे ते."

यशोदाबाई तेव्हा रोज चुरमुऱ्यांच्या पुड्या बांधून हायवेवर जायच्या, गावाकडे निघालेल्यांना द्यायच्या. रामाजी बंद मागापाशी बसून असायचे. दोन वर्षांपूर्वी यशोदाबाई गेल्या. प्राध्यापिकांनी माफी मागितली, ती ओळ स्वतः काढली आणि नवी काय लिहू म्हणून विचारलं. रामाजींनी फक्त नाव सांगितलं.

मला वाटलं, गडी आज खूश असेल. परतीच्या बसमध्ये मात्र ते खाली मान घालून बसले होते. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाले, "गुरुजी, तिचं लुगडं खांद्यावर फाटलं होतं. जिंदगीभर लोकायची लुगडी विणली मी. अन् हे मले आज दिसलं, फोटोत."

मलाही ते दिसलं होतं. तरी म्हणालो, उन्हातला फोटो आहे, सावली पडली असेल.

रामाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सावलीतून दोरे नाही लोंबत, गुरुजी," एवढंच बोलले.