लॉगिन केलं की इमारत

माणसाला जिथे जायचंय तिथेच नेऊन सोडणारा माझ्यासारखा कारागीर या ऑफिसात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगत होतो. गेल्या सोमवारच्या दुपारपर्यंत!

त्याचं असं झालं. ऑफिसची वेबसाइट मी सांभाळतो. कुणी अर्ज टाकला की त्याची लिंक त्याला आणि साहेबांना जाते. साहेब लिंक दाबायचे, वेबसाइट नाव-पासवर्ड मागायची आणि मग अर्ज दाखवायचा सोडून त्यांना पहिल्या पानावर आणून टाकायची. तिथे आमच्या इमारतीचा भला मोठा फोटो आणि खाली 'आपलं स्वागत आहे'. "मी काय इमारत बघितली नाही?" असं करवादून साहेब सगळं बंद करायचे. अर्ज तसेच कुजत पडायचे.

या वेळी माझा रजेचा अर्ज कुजत होता. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ती दूरच्या गावी एकटी राहते. पहिल्या डोळ्याच्या वेळी मी पोचलोच नव्हतो. "पट्टी काढली तेव्हा समोर नर्स होती," आई म्हणाली होती. "चांगली होती बिचारी. पण या खेपेला पहिलं तोंड तुझं दिसू दे."

मी कंबर कसली. लॉगिनच्या आधी माणूस कुठे निघाला होता ते वेबसाइटने लक्षात ठेवायचं आणि लॉगिन झालं की थेट तिथेच न्यायचं. एकट्याने तपासून पाहिलं. झक्कास! ऐटीत साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो.

"साहेब, आता लिंक दाबा, लॉगिन करा आणि समोर येईल ते मंजूर करा. वाचायचीसुद्धा गरज नाही!"

बाहेर येऊन सगळ्या ऑफिसलाही हेच ओरडून सांगितलं. दुर्दैवाने सगळ्यांनी ऐकलं.

थोड्याच वेळात हिशेब बघणारे काका माझ्या टेबलाशी उभे! चेहरा पांढराफटक.

"अरे, माझा राजीनामा मंजूर झाला!"

काका रागाच्या भरात दर महिन्याला राजीनामा टाकतात आणि चहा पिऊन झाला की मागे घेतात. साहेब तो कधी उघडतसुद्धा नाहीत.

"काका, मागे नाही घेतलात?"

"घेतला की! लिंक दाबली, लॉगिन केलं, 'मागे घ्या' दाबलं. वाचलं नाही. तूच म्हणालास ना?"

मी घाईघाईने वेबसाइट तपासली. कोण कुठे निघालंय याच्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या मी जणू एकाच खिळ्याला टोचून ठेवल्या होत्या! साहेबांची, म्हणजे माझ्या रजेची, चिठ्ठी खाली, काकांची राजीनाम्याची वर. साहेबांचं लॉगिन आधी झालं, त्यांनी वरची उचलली. काका एका बोटाने टाइप करतात, त्यांच्या वाट्याला उरलेली आली. साहेबांनी काकांचा राजीनामा मंजूर केला आणि काकांनी माझी रजा मागे घेतली! दुसऱ्याचा अर्ज मागे घेता येतो ही चूक माझ्या आधीच्या माणसाची. पण ते ऐकायला कोण रिकामं होतं?

काका खुर्चीवरची उशी काखेत मारून जिन्यात जाऊन बसले. साहेबांनी मला बोलावलं आणि चक्क पाठ थोपटली.

"रजा मागे घेतलीस! आईपेक्षा काम मोठं मानणारी पोरं आता राहिली कुठे?"

मला रडूच फुटायचं बाकी होतं. खरं काय ते सांगून टाकलं. पाठीवरचा हात निघाला.

"म्हणजे हा घोळ तुझा? आधी होतं तसं करून ठेव! मग नीट दुरुस्त कर. तोवर जागचं हलायचं नाही!"

माझा मोबाइलही त्यांनी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकला. काकांना मात्र विनवण्या करून उशीसकट परत आणलं.

पट्टी काढायच्या दिवशीही मी खुर्चीतच होतो. आईबरोबर शेजारच्या मावशी गेल्या होत्या. निदान कॅमेऱ्यातून तरी तोंड दाखवावं म्हणून मी मावशींना आमच्या वेबसाइटवरच्या व्हिडिओ मीटिंगची लिंक पाठवली, पाहुण्यांचा पासवर्ड दिला आणि केस विंचरून बसलो. टेबलावरचा फोन वाजला.

"आई! दिसतंय का गं?"

"अगदी स्वच्छ! केवढी मोठी इमारत आहे रे. खाली स्वागत आहे लिहिलंय. पण तू कुठे आहेस?"

आधी होतं तसं मीच करून ठेवलं होतं.

"तिसऱ्या मजल्यावर, आई. डावीकडून दुसरी खिडकी."

"थांब हं," आई म्हणाली, "शोधते."