चेहरा जुळत नाही

माणसाचं वय जन्मतारखेवरून ठरतं, असं फक्त कागदांना वाटतं. प्रत्यक्षात ते समोरच्याच्या नजरेवरून ठरतं, आणि त्या निकालावर अपील नसतं.

पेन्शन ऑफिसातल्या तीन नंबरच्या खिडकीवरच्या कारकुनाला हे इतरांच्या आधी कळायला हवं होतं. निवृत्त मंडळी जिवंत आहेत याची खात्री करणं, हे त्याचं एकोणीस वर्षांचं काम. आधी फोटो बघायचा, मग चेहरा बघायचा, मग ‘हयात’ असा शिक्का मारायचा. चेहरा फोटोशी जुळत नाही म्हणून त्याने आजवर अकरा धडधाकट माणसांना परत पाठवलं होतं. (त्यातली नऊ माणसं ती स्वतःच असल्याचा पुरावा घेऊन आली. उरलेल्या दोघांनी नाद सोडला.)

एका सकाळी तो पाणी प्यायला खिडकीमागून बाहेर आला. दारावर नवीनच लागलेल्या रखवालदार बाईंनी त्याचा दंड हळुवार धरला.

“आजोबा, रांग इकडे आहे.”

त्याचं वय एक्कावन्न. पण रांगेला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो जाऊन उभा राहिला. बाकावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक निवृत्त सुईणबाई बसल्या होत्या. त्यांनी त्याला न्याहाळलं आणि सरकून जागा केली.

“बसा. माझ्यापेक्षा तुम्ही जास्त दमलेले दिसता.”

तो बसलाही.

घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. त्याने चपला काढायच्या आधी विचारलं, “मी म्हातारा दिसतो का गं?”

तिने दातांनी दोरा तोडला. “कुणाच्या मानाने?”

उत्तर अतिशय न्याय्य होतं. त्यामुळेच ते जिव्हारी लागलं.

त्याच आठवड्यात त्याने ‘चेहरा देखभाल व संवर्धन नियमावली’ टंकून काढली. पानं चार, कलमं सव्वीस. वर्षानुवर्षं परिपत्रकं लिहिणाऱ्या माणसाला साधी यादी करता येत नाही, त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कलम दोननुसार चेहऱ्याला टॉवेल ‘टेकवायचा’ होता, ‘पुसायचं’ नव्हतं. कलम सातनुसार झोपायचं ते उताणं, दोन्ही बाजूंना उशा रचून. त्यामुळे रोज सकाळी बायकोला तो पार्सलमधून काढल्यासारखा दिसे. काकडी डोळ्यांवर, मध गालांवर, ओट्सची पेज मानेवर. (नाश्ता त्या मानाने साधा झाला.) न्हाणीघर पूर्वी तो अकरा मिनिटं वापरायचा, आता सत्तावन्न.

कलम चौदा मात्र कळीचं होतं: हसल्याने डोळ्यांशेजारी सुरकुत्या पडतात, सबब हसणं पुढील आदेशापर्यंत तहकूब.

बायकोला रोज जेवताना दिवसभरातलं काहीतरी सांगायची सवय होती. एका गिऱ्हाईक बाईने नवऱ्याच्या मापाचा कोट शिवून घेतला आणि नेताना म्हणाली, थोडा सैल ठेवला असतात तर पुढच्यालाही चालला असता. हे सांगताना हसून बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं. समोर हा डोळ्यांचे कोपरे दोन बोटांनी दाबून, शाळेच्या फोटोतल्यासारखा बसलेला. ताटातला शेवटचा घास तिने उगाच दोनदा चावला. दुसऱ्या दिवशी तिने काही सांगितलं नाही, तिसऱ्याही नाही. घरात शांतता वाढली, आणि शांतता त्वचेला उपकारक असते, अशी त्याने वहीत नोंद केली.

चाळिसाव्या दिवशी त्याला वाटलं, प्रगती मंद आहे. मग त्याने लिंबू आणि साखरेने तोंड खसाखसा घासलं, त्यावर सुरकुत्यांवरचं जळजळणारं सीरम चोपडलं, आणि जळजळतंय म्हणजे लागू पडतंय, असं समजून पुन्हा एकदा चोपडलं. सकाळी तोंड उकडलेल्या बिटासारखं झालं होतं. सूज इतकी की सुरकुती औषधाला उरली नव्हती. तो समाधानाने ऑफिसात गेला.

हजेरीच्या यंत्राने त्याच्याकडे पाहिलं. “चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.”

त्याने पाच वेळा प्रयत्न केला. मग अधीक्षक आले. त्यांनी फाइल काढून नियम वाचला: चेहरा न जुळल्यास जवळच्या नातेवाइकाने समक्ष ओळख पटवेपर्यंत सदर व्यक्ती गैरहजर समजावी.

“नियम चोख आहे,” अधीक्षक म्हणाले. “कुणी लिहिलाय?”

“मीच, साहेब.”

“तुम्ही म्हणजे कोण, तेच तर ठरायचंय.”

बायकोला बोलावणं गेलं. ती हातातलं काम टाकून आली आणि त्याच्यासमोर बसली. “मीच गं,” तो म्हणाला. अधीक्षकांनी फॉर्म पुढे ओढला.

“हे तुमचे पती का?”

तिने बराच वेळ पाहिलं. “आवाज त्यांचाच आहे. महिनाभरात फारसा ऐकला नाही, पण आहे.”

“आवाजाचा रकाना नाही. ओळखीची खूण सांगा.”

“कपाळावर तीन आठ्या. मधली डावीकडे तुटलेली. मुलगी हॉस्पिटलात होती त्या वर्षी पडली.” तिने बोटाने जागा दाखवली. “आणि उजव्या डोळ्याजवळ चार रेघा. त्या माझ्या आहेत. माझ्या बोलण्यावर हसून हसून पडल्यात.”

अधीक्षकांनी चष्मा पुसून त्याचं तोंड तपासलं. “खुणा सध्या उपलब्ध नाहीत, असं लिहू?”

“लिहा,” ती म्हणाली. “तसंच आहे.”

कारकुनाने तिची पिशवी हातात घेतली, आणि ती परत मागेपर्यंत सोडली नाही.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी त्याची चार पानं शांतपणे वाचली आणि चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या. सौम्य साबणाने दोनदा धुवा. साधं मॉइश्चरायझर लावा. उन्हात जाताना सनस्क्रीन. वेळेवर झोप.

“एवढंच?” त्याने दुखावून विचारलं.

“एवढंच. एवढंच असणं कुणाला सोसत नाही, म्हणून माझा दवाखाना भरलेला असतो.”

तीन आठवड्यांत सूज उतरली. तीन आठ्या आणि चार रेघा आपापल्या जागी हजर झाल्या, यंत्रानेही तक्रार केली नाही. जेवताना बायको बोलू लागली. पाचवी रेघ सध्या विचाराधीन आहे.

ही हकिकत त्याने ऑफिसात एकेचाळीस जणांना अथपासून इतिपर्यंत ऐकवली; पोळलेलं तोंड, गैरहजेरी, बायकोचा जबाब, काही लपवलं नाही. त्यातल्या अडतीस जणांनी एकच प्रश्न विचारला: लिंबू किती घ्यायचं?

वाचक सुज्ञ असतो, तो असं विचारणार नाही. त्याच्या शेजाऱ्याला हवं असेल तर सांगून ठेवतो: अर्धं.