ठकूबाई म्हशीचा अल्बम

एका जंगलात लग्नं उदंड लागत आणि प्रत्येक लग्नात ठकूबाई म्हशीचा बँड वाजे. बँडमध्ये तिघंच. पण वरात निघाली, की दोन डोंगरांपलीकडची माकडं झाडावरून खाली पडत.

ठकूबाई पोटाला ढोल बांधून शेपटीनं बडवायची. बळवंतराव गाढव ट्रम्पेट फुंकायचा. आणि चिमाजी साळिंदर अंगावरचे काटे हलवून खुळखुळा वाजवायचा. त्याला वाद्य विकत घ्यावं लागलं नव्हतं, म्हणून तो जरा तोऱ्यात असे.

या बँडच्या दोन रीती होत्या. पहिली, चालल्याशिवाय वाजवायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या वरातीपुढं वाजवून त्यांचा ताल पायांत उतरला होता. पाय थांबले की सूर थांबलाच. दुसरी रीत, निघालेली वरात मागं वळत नाही. नवरदेव भलताच निघाला तरी नाही.

हसू नका बाळांनो. तुमच्या घरात याहून येडबंबू रीती असतील.

तर, सिंहराजाच्या लेकीचं लग्न ठरलं. ठकूबाईच्या आजीनं राजाच्या बापाच्या वरातीत वाजवलं होतं. आईनं राजाच्या वरातीत. आता राजकन्येच्या वरातीपुढं आपण नाही वाजवलं, तर म्हशीच्या जन्माला येऊन केलं काय? ढोलाच्या दोऱ्या आवळून ठकूबाई दरबारात हजर झाली.

राजा म्हणाला, "ठकूबाई, तुम्ही झकास वाजवता. पण तुमचा अल्बम आहे का?"

"तो काय असतो?"

"मलाही ठाऊक नाही. पण व्याही शहरातले. पक्क्या पिंजऱ्यात राहतात. त्यांनी विचारलंय. अल्बम आणा, वरात तुमची. नाहीतर ते शहरातून दुसरा बँड धाडतील."

"धाडतात कसे! आणते अल्बम. पाटीभर आणते!"

आणि तिघं पायी शहरात गेली. वाजवतच गेली, कारण चालतच होती.

शहरात एक बगळा होता. सगळे त्याला बगळेसाहेब म्हणत. त्याच्याकडं काचेची खोली होती आणि आवाज पकडायचं यंत्र होतं. त्यानं तिघांच्या गळ्यात एकेक माइक बांधला, तारा यंत्राला जोडल्या आणि यंत्र पंखाखाली घेतलं.

"आता वाजवा. पण हलायचं नाही. मी बघा, सकाळपासून एका पायावर आहे."

बँड उभा राहिला. बळवंतरावानं गाल फुगवले. नुसती हवा निघाली. चिमाजीचे काटे ढिम्म. ठकूबाईची शेपटी वर गेली ती वरच राहिली.

"पुन्हा," बगळा म्हणाला.

पुन्हा हवा.

"पुन्हा."

असं सतरा वेळा झालं. बळवंतरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. "ठकूताई, आपल्याला वाजवता येत नाही गं! इतकी वर्षं लोकांनी आपल्याला फसवलं!"

"गप रे!" ठकूबाई म्हणाली. ती बगळ्याकडं वळली. "साहेब, आम्ही जरा चालतो."

"किती?"

"सूर लागेपर्यंत."

"खोली सहा पावलांची आहे, बाई."

"मग सहा पावलं चालतो."

पहिल्या पावलाला ढोल घुमला. दुसऱ्याला खुळखुळा आला. तिसऱ्याला ट्रम्पेटनं अशी तान घेतली, की बगळ्याची मान सरळ झाली. "वाहवा!" तो ओरडला. सहावं पाऊल पडलं. समोर काच आली.

पण निघालेली वरात मागं वळत नाही.

काच होती की नव्हती, हे ठकूबाईनं पाहिलं नाही. नंतर नव्हती.

बँड थेट जंगलाकडं जाणाऱ्या हमरस्त्यावर आला. माइक गळ्यात, तारा मागं आणि तारांच्या टोकाला यंत्राला मिठी मारलेला बगळा. जन्मात पहिल्यांदा त्याला दुसरा पाय टेकावा लागला. "माझं यंत्र! माझी काच!" तो किंचाळत होता आणि तेही यंत्रात शिरत होतं.

भाजी विकणारी शेळी टोपली टाकून मागं आली. भटकी कुत्री आली. चौकातल्या हवालदार बोक्यानं शिट्टी मारली. ती नेमकी तालात पडली, मग तो मारतच सुटला.

"लग्न कुणाचं गं?" कोंबडीनं विचारलं.

"ठाऊक नाही. तू नाच!" शेळी म्हणाली.

नाचत नाचत अख्खं शहर जंगलात पोचलं. दरबारापुढं बँड थांबला, तेव्हा सूर आपोआप थांबला. बगळा धापा टाकत उठला आणि यंत्र बघून चकित झाला. सगळं पकडलं गेलं होतं. ढोल, तान, शिट्टी, शेळीच्या उड्या आणि त्याचं स्वतःचं रडणं.

"महाराज," ठकूबाई म्हणाली, "हा घ्या अल्बम."

राजानं ऐकला. आयाळ उडवत दोनदा नाचला. व्याह्यांनी पिंजऱ्यातून निरोप धाडला, "असा अल्बम झाला नाही!"

"मग वरातीला कधी येऊ?" ठकूबाईनं विचारलं.

राजा प्रेमानं म्हणाला, "आता तुम्ही कशाला दमता? अल्बम आहे ना. तोच लावू."

ठकूबाईची शेपटी गळाली. पण लग्नाच्या दिवशी एक अडचण आली. अल्बम वाजवणारी पेटी मंडपात बसून राहिली आणि वरातीला तर पुढं जायचं होतं. पेटीला पाय नव्हते. मग धावाधाव झाली आणि ठकूबाईला मानानं बोलावणं गेलं.

ती ढोल बांधूनच आली.

"ढोल कशाला?" बगळा म्हणाला. "मध्येच वाजवलात तर अल्बम बिघडेल."

ढोल सोडला गेला. पेटी पाठीवर बांधली गेली. ठकूबाई राजकन्येच्या वरातीपुढं ताठ मानेनं चालली आणि तिच्याच पाठीवरून तिचाच ढोल घुमला.

एक म्हातारं माकड टाळ्या पिटत ओरडलं, "ठकूबाई, आज काय वाजवलंयस गं! इतकं छान कधी वाजवलं नव्हतंस!"

"मेल्या, मी वाजवतच नाहीये!"

"तेच म्हणतोय!"

तात्पर्य : बाळांनो, आपली कला वेळीच पेटीत भरून ठेवावी. म्हणजे पुढं कुणी आपल्याला बोलावलं नाही, तरी पेटी उचलायला बोलावतात.